लेकींना सांगितलं का?

जेवायला बसलेल्या माणसानं ताटाकडं बघावं, एवढी साधी रीत माझ्या नंदकुमारला राहिली नव्हती. घास तोंडात आणि डोळे भिंतीवर. भिंतीवर दोन टीव्ही. एकावर आमची 'दीपवार्ता', दुसऱ्यावर ते नवं 'रोखठोक'. आपल्या चॅनेलकडं तो क्वचित बघायचा. सवतीनं आज कुठलं लुगडं नेसलंय ते बघत बसणारी बाई असते ना, तसा सगळा वेळ 'रोखठोक'कडं.

त्या दिवशी तर कहर केला. नगरपालिकेची मोजणी चालू होती. वर माडीवर आमचा स्टुडिओ, तिथनं सकाळपासून निकाल थेट दाखवत होते. नंदू चार घास खायला म्हणून खाली आला, भाकरी मोडली, आमटीत बुडवली आणि बुडवलेला तुकडा तसाच बोटात धरून 'रोखठोक'च्या खालच्या पट्टीकडं टक लावून बसला. आमटी मनगटावरनं कोपरापर्यंत ओघळली तरी पत्ता नाही.

"नंदू," मी म्हटलं, "शेजारणीच्या चुलीत डोकावत बसलं की आपली भाकरी करपते."

"आक्का, आज नको," तो म्हणाला. माझ्याकडं न बघताच.

तेवढ्यात संजीवनी खाली आली. संजीवनी म्हणजे माझी सून, नंदूची बायको. बातम्या तीच वाचायची. लग्न होऊन आली तेव्हा तोंडातनं शब्द निघत नव्हता. आमच्या ह्यांनीच तिला कॅमेऱ्यापुढं बसवली. आता तिचं तोंड दिसल्याशिवाय गावाला जेवण जात नव्हतं. तोंडाला पावडर फासते म्हणून मी तिला बोलायची, "भिंतीला एवढा चुना लागत नाही" म्हणायची, पण वाचायची झकास. शब्द असे मोकळे, की माझ्यासारख्या दुसरीत शाळा सोडलेल्या बाईलासुद्धा निकाल कळायचा.

ती उभ्या उभ्याच ताक प्यायली आणि नंदूला म्हणाली, "अहो, माझा फोन द्या ना जरा. आबांना आज दवाखान्यातनं सोडणार होते. नितीननं फोन केला असेल."

आबा म्हणजे तिचे वडील, नाक्यावरचे सायकलवाले शामराव ढोले. छातीत दुखतंय म्हणून आठवडाभर दवाखान्यात होते. नितीन तिचा धाकटा भाऊ. आणि तिचा फोन नंदूच्या खिशात, कारण स्टुडिओत फोन न्यायचा नाही असा नवा हुकूम निघाला होता.

"नाही आला फोन," नंदू म्हणाला. "आला की देतो."

मग तो उठला. निवडून आलेल्या कुणीतरी पेढ्यांचा पुडा पाठवला होता, तो त्यानं सोडला आणि एक पेढा स्वतःच्या हातानं तिच्या हातावर ठेवला. "खा. सकाळपासून उपाशी आहेस."

मी बघतच राहिले. लग्न झाल्यापासून या माणसानं बायकोला पाण्याचा तांब्या उचलून दिला नव्हता. "आज सूर्य मिरजेकडनं उगवला का कोल्हापूरकडनं गं?" मी तिला विचारलं. ती लाजली, हसली, पेढा खाल्ला आणि पदर सारखा करत वर गेली. नंदू तिच्या मागोमाग. ताटात भाकरी तशीच. ताट टाकून उठलेला माणूस मला खपत नाही, म्हणून जिना चढेपर्यंत मी त्याला ऐकवत होते.

हे चॅनेल आमच्या ह्यांनी उभं केलेलं. आमचं गाव मागांचं. दिवसरात्र खडखडाट, माणूस माणसाशी ओरडून बोलतो. हे स्वतः मागावरचे जॉबर, माग बिघडला की दुरुस्त करणारे. तिथनं उठून त्यांनी गच्चीवर डिश लावली, कारखान्यांच्या पत्र्यांवरनं तारा ओढल्या, आणि लग्नाचं शूटिंग करणाऱ्याचा कॅमेरा मागून आणून संध्याकाळच्या बातम्या सुरू केल्या. बातम्या कसल्या? पाणी कधी येणार, लाईट कधी जाणार, कुणाची म्हैस हरवली. आणि कोण गेलं.

ते शेवटचं खातं माझं होतं. गावात कुणी गेलं की घरचा माणूस आमच्या पायरीशी यायचा. मी त्याला आधी पाणी द्यायची आणि मग एकच गोष्ट विचारायची: "लेकींना सांगितलं का?"

सांगितलं म्हणाला, तर वर निरोप जायचा आणि पट्टी सुरू व्हायची. नाही म्हणाला, तर पट्टी थांबायची. मग तो नगराध्यक्षाचा बाप असो. लेक कुठं दिलीय, निरोप घेऊन कोण गेलंय, पोचला का, एवढं ऐकल्याशिवाय मी हलायची नाही. हे कधी कधी वैतागायचे, पण माझा शब्द मोडायचे नाहीत. त्यांना कारण ठाऊक होतं.

माझा बाप गेला तेव्हा मी गिरणीत दळणाच्या रांगेत उभी होते. पुढच्या एका बाईनं मागं वळून बघितलं आणि म्हणाली, "अगं, तू अजून इथंच? तुझ्या बापाला तर सकाळीच नेला की." डबा माझ्या डोक्यावर होता. तो मी खाली ठेवला का टाकला, मला आजतागायत आठवत नाही. तिचं तोंड मात्र आठवतं. पिठानं पांढरं झालेलं. लेकीला बापाचं मरण परक्याच्या तोंडून कळू नये. घरच्या माणसानं यावं, दारात उभं राहावं आणि म्हणावं, "आबांना बरं नाही, चल." ती समजायचं ते समजते. पण चालत येईपर्यंत तिला धरायला कुणीतरी असतं.

हे गेल्यावर दोन-तीन वर्षं रीत टिकली. मग 'रोखठोक' आलं. आमच्याकडंच कॅमेरा धरायला शिकलेल्या एकानं, कुणा बिल्डरच्या जिवावर काढलेलं. दवाखान्यातनं मढं घरी पोचायच्या आधी त्यांची पट्टी चालू. लोक नावं ठेवायचे आणि बघायचे. नंदूला घाम फुटला. ज्याच्यावर मरणाची बातमी आधी, त्याच्यावर गावाचा रिमोट थांबतो, हे त्यालाही दिसत होतं. त्याच दिवाळीत पुण्याची कंपनी आली आणि 'दीपवार्ता' तिनं घेतली.

विकलं म्हणायचं नाही. भागीदारी म्हणायचं. पण भागीदार, कुणी कर्णिक साहेब म्हणून, पुण्यातनं फोनवर बोलायचा आणि नंदू उभा राहून ऐकायचा. मी म्हटलं, अरे बस की, कर्णिक साहेबांना काय तिकडनं तुझी खुर्ची दिसतेय? तरी उभाच. माडीच्या दाराला काच लागली, जिन्याखाली खुर्ची टाकून वॉचमन बसला, आणि एक दिवस नंदू मला म्हणाला, "आक्का, आता पायरीवर कुणाला थांबवून ठेवू नकोस. थेट वर पाठव."

मी बोलले. जे जे तोंडात आलं ते बोलले. पण घर माझं असलं तरी चॅनेल माझं नव्हतं. निवडणुकीच्या आधी महिनाभर त्याचं एकच पालुपद होतं: मोजणीच्या दिवशी साहेब लोक पुण्यात बसून दोन्ही चॅनेलं बघणार, आणि मग आमचं ठेवायचं का गुंडाळायचं ते ठरणार. तो झोपेतसुद्धा 'रोखठोक, रोखठोक' करायचा, संजीवनीच मला सांगत होती.

तर त्या दुपारी दोघं वर गेल्यावर मी माझं ताट वाढून घेतलं आणि टीव्हीपुढं बसले. एका टीव्हीवर संजीवनी. तिच्या शेजारी निवडून आलेला एक गडी, गळ्यात हार, तोंड गुलालानं लाल. त्यानं चिमूटभर गुलाल तिच्या केसांवर टाकला आणि ती हसली. दुसऱ्या टीव्हीवर 'रोखठोक'चा पोरगा घसा ताणून बोलत होता आणि त्याच्या खालनं पट्टी चालली होती.

मला अक्षर ओळखता येतं, पण अक्षरानं थांबलं पाहिजे. पट्टीवरचं अक्षर थांबत नाही. 'दुःखद निधन' तेवढं मी बघताक्षणी ओळखते, वाचावं लागत नाही. इतकी वर्षं तेच बघितलंय. पुढचं नाव मात्र पळतं. पहिल्या खेपेला मला 'शामराव' सापडलं. गावात शामराव पुष्कळ. मी घास चावत पट्टी परत यायची वाट बघत राहिले. पुन्हा आली तेव्हा मी आडनावावर डोळा ठेवला. 'ढो' हाताला लागला आणि पुढचं निसटलं. घास मी ताटाच्या कडेला काढून ठेवला. तिसऱ्यांदा मी पुढचं मागचं सोडून दिलं आणि फक्त शेवट धरला.

सायकलवाले.

मी दुसऱ्या टीव्हीकडं बघितलं. संजीवनी हसत होती.

सगळं गाव त्या वेळी माझ्यासारखंच बसलेलं असणार. एका बोटानं 'रोखठोक' लावायचं, तिथं बाप मेलेला. दुसऱ्या बोटानं 'दीपवार्ता' लावायची, इथं लेक हसतेय. मी हातसुद्धा धुतला नाही. गुडघ्याला धरून जिन्याशी गेले.

वॉचमन उठला. वर लाइव्ह चालू आहे, कुणाला सोडायचं नाही असं सांगितलंय, म्हणाला.

"चॅनेल विकलंय रे," मी म्हटलं. "जिना माझा आहे. सरक."

वर काचेच्या दाराअलीकडं नंदू उभा होता. एका हातात फोन, दुसऱ्या हातात वर 'दुःखद निधन' लिहिलेला कागद. त्याच्या शर्टाच्या खिशात संजीवनीचा फोन होता. आवाज बंद, पण उजेड लागत होता, विझत होता, परत लागत होता. कानाला लावलेल्या फोनातला कर्णिक साहेबांचा आवाज मला दारातनं ऐकू आला. माणूस ओरडत नव्हता. गोड, समजुतीच्या आवाजात बोलत होता.

"नंदकुमार, त्यांनी दाखवलंय, आता लपवून काय उपयोग? मॅडमनाच वाचू दे. गावाला त्यांच्याच तोंडून ऐकायचं असणार. आदरांजली होईल. गैर काय आहे त्यात?"

"हो साहेब," नंदू म्हणाला.

मला बघून त्यानं फोन छातीशी दाबला. मी विचारलं, "तिला सांगितलंस?"

"आक्का, शेवटचे दोन वॉर्ड राहिलेत."

"मी वॉर्ड नाही विचारले. नितीनचा फोन कधी आला?"

त्याच्या खिशातला उजेड लागला आणि विझला.

"नंदू, मी विचारतेय."

"जेवायच्या आधी," तो म्हणाला.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, जेवताना हा 'रोखठोक'च्या पट्टीत काय शोधत होता. आणि पेढा कशापायी दिला होता.

तो बोलायला लागला, भरभर, मार चुकवणारं पोर बोलतं तसं. आजच्या दिवसावर सगळं आहे म्हणाला. ती उठली तर दुसरं कुणी बसवायला नाही, गाव 'रोखठोक'वर जाईल आणि परत येणार नाही. नितीनला त्यानं सांगितलंय, तिला घेऊन येतो म्हणून, ते थांबलेत. "आबा गेले ते गेले, आक्का. ती तासाभरानं गेली म्हणून त्यांना काही फरक पडणार आहे का?"

"आबांना नाही," मी म्हटलं. त्याच्या खिशातनं तिचा फोन काढून घेतला. हातातला कागदही घेतला. माझा खरकटा हात त्यावर उमटला. दाराला हात लावला तसा त्यानं माझा दंड धरला.

"आक्का, कॅमेरा चालू आहे."

"असू दे की. मी काय उघडी आलेय?"

आत दिव्यांनी डोळे दिपले. कॅमेऱ्यामागं रियाज होता, ह्यांच्या वेळचा. तो मला बघून नुसता उभा राहिला. संजीवनी समोर बघून वाचत होती, कुठल्या तरी वॉर्डात कोण कितीनं पुढं आहे ते. मी टेबलापाशी गेले. गावानं मला त्या दिवशी बघितलं: जुनेर नेसलेली, उष्ट्या हाताची म्हातारी. नंतर पुष्कळांनी विचारलं, आक्का, एवढ्या लोकांपुढं काय वाटलं? मला लोक दिसतच नव्हते. मला तिच्या केसांतला गुलाल दिसत होता.

"संजीवनी," मी म्हटलं, "आबांना बरं नाही. चल."

एवढंच.

तिनं माझ्याकडं बघितलं. इतकी वर्षं ती पायरीवरचा माझा सवाल ऐकत आली होती. लेकींना निरोप कसा जातो, कुठल्या शब्दांत जातो, तिला काय ठाऊक नव्हतं? तिच्या तोंडावरचं हसू जिथल्या तिथं राहिलं, नुसतं रिकामं झालं. तिनं पदराला लावलेला माईक काढला. पुढचे कागद एकावर एक ठेवले, कडा सारख्या केल्या. मग सवयीनं कॅमेऱ्याकडं बघून दोन्ही हात जोडले आणि उठली. मी तिला धरलं. दाराशी नंदू होता. ती त्याच्या अंगाला न लागता बाजूनं गेली.

रिक्षात बसलो. मी पदराचं टोक ओलं करून तिच्या केसांतला गुलाल पुसत होते. गुलाल ओल्यानं निघत नाही, आणखी चढतो, हे मला कळायला पाहिजे होतं. कपाळापर्यंत लाल ओघळ आला. नाका दिसायला लागला तेव्हा तिनं विचारलं, "केव्हा?"

खोटं बोलायची जागा संपली होती. "जेवायच्या आधी," मी म्हटलं.

तिनं मान हलवली. मग म्हणाली, "आक्का, मी पेढा खाल्ला."

मी पदर तिच्या कपाळावर तसाच धरून ठेवला.

सायकलच्या दुकानापुढं माणसं उभी होती. आबांना बाहेर काढून ठेवलं होतं, लेकीसाठी थांबले होते. तिला बघून बायकांचा गलका झाला, आणि मग तिच्या कपाळावरचा गुलाल दिसला तशा त्या एकेक करून गप्प झाल्या. नितीन पुढं आला. "ताई, तुला किती फोन केले," म्हणाला. ती आबांच्या पायाशी बसली आणि त्यांचे तळवे हातात घेऊन चोळायला लागली, गार पडलेल्या माणसाचे चोळतात तसे. नंदू स्मशानात आला तो सगळे निकाल लागल्यावर. मागं उभा राहिला. कुणी त्याला पुढं हो म्हटलं नाही.

पुढं त्या पुण्याच्या कंपनीनं 'रोखठोक'ही घेतलं. आता दोन्हीकडं एकच पोरगी बातम्या वाचते, ती पुण्यातच बसते, आणि आमच्या गावात कोण गेलं ते आम्हाला तिसऱ्या दिवशी कळतं. माडीला कुलूप आहे. जिन्यावर मी लसूण वाळत घालते. पण हे सगळं नंतरचं.

आबांचं तेरावं झालं आणि संजीवनी घरी आली. घरी आली, वर गेली नाही. स्वयंपाक करायची, धुणं धुवायची, नंदूचं ताट वाढायची आणि जिन्याकडं पाठ करून बसायची. तिला कुणी काही म्हटलं नाही. पेढ्याचा पुडा घरात आला की उठून परसात जायची, एवढंच.

एका दुपारी नंदू जेवायला बसला. त्यानं आपल्या हातानं दोन्ही टीव्ही बंद केले. मला वाटलं, बरं झालं, माणसात आला. ताटाकडं बघत बघत, खालच्या आवाजात तो म्हणाला, "आक्का, तू तिला सांग. माझं ऐकत नाही, तुझं ऐकेल. साहेब खूश आहेत. त्या दिवशी तू आत आलीस तेव्हा सगळं गाव आपल्यावर होतं, 'रोखठोक'वर कुणी उरलं नव्हतं. ती परत बसली तर चॅनेलला मरण नाही."

चुलीशी भांड्यांचा आवाज चालला होता, तो थांबला. संजीवनी ऐकत होती.

भाजून झालेली भाकरी मी त्याच्या ताटात वाढली. वर तूप घातलं. तो माझा मुलगा आहे, उपाशी कशाला ठेवू?

"जेव," मी म्हटलं. "आणि जेवता जेवता ऐक, मी दुसऱ्यांदा सांगणार नाही. माझे डोळे मिटले की संजीवनी आधी सांगलीला माझ्या दोघी लेकींकडं माणूस धाडेल. मग भावकीत. मग गल्लीत. तसं मी तिच्याकडनं कबूल करून घेतलंय. वर तुझ्या काचेच्या दारात कुणी येणार नाही, नंदू. तुझी आई गेली, हे तू पट्टीवर वाच."